न सापडणारे दुखणे : स्त्रियांच्या ओटीपोटातील शिरांचा विकार आणि त्यावरील सुईवाटेचा उपचार

प्रास्ताविक

स्त्रीच्या ओटीपोटात सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या दुखण्यास वैद्यकशास्त्रात 'जुनाट ओटीपोटदुखी' असे म्हणतात. हे एखाद्या रोगाचे नाव नव्हे, ते एका तक्रारीचे नाव आहे. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी भलत्या जागी वाढणे म्हणजेच एंडोमेट्रिऑसिस, जुना जंतुसंसर्ग, जननमार्गाचा क्षयरोग, गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, आतड्यांचे व मूत्राशयाचे विकार, कंबरेच्या स्नायूंचा ताण अशी अनेक कारणे या तक्रारीमागे असू शकतात. यांपैकी एखादे कारण सापडले तर उपचाराची दिशा ठरते. परंतु अनेक स्त्रियांच्या बाबतीत सोनोग्राफीचा अहवाल 'नॉर्मल' येतो, रक्त-लघवीच्या तपासण्या निर्दोष निघतात आणि शेवटी "काही नाही, मनाला फार लावून घेऊ नका" असा सल्ला मिळतो.

या 'काही नाही'मागे काही स्त्रियांच्या बाबतीत एक निश्चित शारीरिक कारण असते. ते म्हणजे ओटीपोटातील शिरा फुगणे आणि त्यांत रक्त तुंबून राहणे. दीर्घकाळ या विकारास 'पेल्व्हिक कंजेशन सिंड्रोम' असे नाव होते. आता तज्ज्ञ 'ओटीपोटातील शिरांचे विकार' असे व्यापक नाव वापरतात. गेल्या तीन दशकांत या विकारावर पोट न उघडता, केवळ सुईच्या छिद्रातून करता येणारा उपचार विकसित झाला आहे. हा विकार कसा होतो, तो ओळखणे अवघड का जाते आणि या उपचाराचे लाभ व मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिरांची रचना आणि विकाराचे मूळ

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी आणि परत हृदयाकडे आणणाऱ्या वाहिन्यांना शिरा म्हणतात. रोहिणीतील रक्तामागे हृदयाचा जोर असतो. शिरेतील रक्ताला मात्र, माणूस उभा असताना, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावे लागते. ते मागे घसरू नये म्हणून शिरांच्या आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. झडप निकामी झाली की रक्त उलटे वाहते, खाली साठते आणि शिरेची भिंत ताणली जाऊन ती फुगते व वेडीवाकडी होते. पायांवर दिसणाऱ्या व्हेरिकोज व्हेन्स याच प्रकारे तयार होतात. ओटीपोटातही हेच घडते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

अंडाशयातून निघणाऱ्या दोन शिरांपैकी उजवी शीर थेट महाशिरेला तिरकी मिळते. डावी शीर मात्र डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते. त्यामुळे डावीकडील प्रवाहाला मुळातच अधिक अडथळा असतो. शिवाय काही स्त्रियांमध्ये अंडाशयाच्या शिरेत जन्मतःच झडप नसते आणि हे प्रमाण डावीकडे जास्त आढळते. सदर विकार बहुधा डाव्या बाजूस सुरू होतो याचे कारण या रचनेत आहे.

गरोदरपणात या शिरांवरील भार कित्येक पटींनी वाढतो. गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो, प्रोजेस्टेरॉनमुळे शिरांच्या भिंती सैल पडतात आणि वाढलेल्या गर्भाशयाचा दाब वरच्या शिरांवर पडतो. बाळंतपणानंतर बहुतेक स्त्रियांच्या शिरा पूर्ववत होतात. काहींच्या होत नाहीत, आणि प्रत्येक गरोदरपणाबरोबर ताण वाढत जातो. म्हणूनच दोन किंवा अधिक बाळंतपणे झालेल्या, मासिक पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत हा विकार विशेषत्वाने दिसतो. पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेनचे प्रमाण घटते आणि बऱ्याच जणींचा त्रास कमी होतो.

काही वेळा झडपेचा दोष दुय्यम असतो आणि खरा अडथळा वर असतो. डाव्या मूत्रपिंडाची शीर ही महारोहिणी आणि तिच्यापासून आतड्यांकडे निघणारी रोहिणी यांच्यामधून जाते. अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी ती या दोहोंत दाबली गेली, तर तिच्यातील रक्त अंडाशयाच्या शिरेतून खाली उतरून वाट काढते. इंग्रजीतही या अवस्थेस 'नटक्रॅकर' असेच नाव आहे. दुसऱ्या प्रकारात डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर उजव्या बाजूच्या रोहिणीखाली दाबली जाते. मे आणि थर्नर या संशोधकांनी १९५७ साली तिचे वर्णन केल्यामुळे ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. उपचार ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, हे पुढे दिसून येईल.

ओळखण्यास झालेला उशीर

पायांवरील फुगलेल्या शिरा वैद्यांना प्राचीन काळापासून परिचित आहेत. कॉर्डोबाचे शल्यविशारद अल-जहरावी यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-तसरीफ' या ग्रंथात अशा शिरांवरील शस्त्रक्रियेचे वर्णन केले आहे. शिरांतील झडपांचे सविस्तर वर्णन फॅब्रिसियस यांनी १६०३ साली प्रसिद्ध केले आणि त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना त्या झडपांचे कार्य स्पष्ट केले. परंतु ओटीपोटातील फुगलेल्या शिरांकडे वैद्यकाचे लक्ष गेले ते एकोणिसाव्या शतकात. फ्रेंच शल्यविशारद रिशे यांनी १८५७ साली त्यांची नोंद केली.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड टेलर यांनी १९४९ साली तुंबलेल्या शिरा आणि ओटीपोटदुखी यांचा संबंध विस्ताराने मांडला. मात्र या तुंबण्यामागे त्यांनी मानसिक ताणाला मोठे स्थान दिले आणि 'हे दुखणे मनाचे' ही समजूत पुढे बराच काळ टिकून राहिली. लंडनमध्ये रिचर्ड बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली शिरांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे घेतली. दुर्बिणीतून काहीही दोष न दिसलेल्या, तरीही दुखणे सांगणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींच्या शिरा रुंदावलेल्या व त्यांतील रक्त मंदावलेले असल्याचे त्यांनी दाखवून दिले. तेव्हापासून या तक्रारीला चित्ररूप पुरावा मिळाला.

पुरुषांच्या बाबतीत घडलेला इतिहास याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. पुरुषाच्या डाव्या वृषणाची शीरही डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि तिच्यातही याच कारणाने रक्त तुंबते. त्या विकारास व्हेरिकोसील म्हणतात. तो हाताला लागतो, डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्याविषयी कोणी शंका घेतली नाही. स्त्रियांमध्ये हीच शीर पोटाच्या आत असल्यामुळे तिचा विकार दृष्टीआड राहिला आणि तक्रारीवरच शंका घेतली गेली.

लक्षणे

या दुखण्याचे एक विशिष्ट रूप आहे. ते पाळीपुरते मर्यादित नसते, जरी पाळीच्या आधी ते वाढते. सकाळी उठताना स्त्रीला बरे वाटते. दिवसभर उभे राहून काम केल्यावर, ओझे उचलल्यावर, संध्याकाळी ओटीपोटात व कंबरेत जडपणा भरत जातो. अर्धा-पाऊण तास आडवे झाल्यावर तो ओसरतो. पतिपत्नीसंबंधांनंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, ठणका रेंगाळतो. वारंवार लघवीला जावेसे वाटते. काही स्त्रियांच्या मांडीच्या मागील बाजूस, नितंबावर किंवा जननेंद्रियाजवळ निळसर फुगीर शिरा दिसतात. पायांवरील व्हेरिकोज व्हेन्सची शस्त्रक्रिया होऊनही त्या वारंवार उद्भवत असतील, तर मूळ ओटीपोटात असण्याची शक्यता डॉक्टरांनी तपासणे आवश्यक ठरते.

बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली असे दाखवले की संबंधांनंतर रेंगाळणारे दुखणे आणि पोटावरून अंडाशयाच्या जागी दाबल्यास होणारी वेदना या दोन गोष्टी एकत्र असल्यास शिरांचा विकार असलेल्या स्त्रियांपैकी ९४ टक्के ओळखता येतात आणि दुखण्याचे कारण वेगळे असलेल्यांपैकी ७७ टक्के वगळता येतात. म्हणजे एक प्रश्न आणि हाताची एक तपासणी एवढ्यावर निदानाची दिशा सापडू शकते. पण तो प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि त्याचे उत्तर देण्याइतका मोकळेपणा स्त्रीला मिळाला पाहिजे.

निदान

नेहमीची सोनोग्राफी स्त्रीला आडवे निजवून केली जाते. या विकारात आडवे होताच शिरा रिकाम्या होऊ लागतात, त्यामुळे जे शोधायचे तेच नेमके नाहीसे होते. दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे लॅपरोस्कोपीत, डोक्याकडची बाजू खाली केलेली असते आणि पोटात वायू भरलेला असतो. त्या दाबानेही शिरा चपट्या होतात. अशा अहवालात 'दोष नाही' असे लिहिलेले असले तरी शिरांपुरता तो निर्णायक मानता येत नाही.

याकरिता रक्ताच्या प्रवाहाची दिशा दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करतात. ती शक्य तेथे उभ्या किंवा अर्धवट बसलेल्या स्थितीत आणि स्त्रीला श्वास रोखून कुंथण्यास सांगून केली जाते. अंडाशयाच्या शिरेची रुंदी ५ ते ६ मिलिमीटरहून अधिक असणे आणि त्यात रक्त उलटे वाहताना दिसणे ही महत्त्वाची खूण होय. ही तपासणी योनिमार्गे केल्यास चित्र अधिक स्पष्ट येते. अविवाहित मुलींच्या बाबतीत ती पोटावरून करता येते किंवा एमआरआयचा आधार घेता येतो. एमआरआय वा सीटी स्कॅनमुळे वरचा अडथळाही दिसतो. सर्वांत खात्रीची तपासणी म्हणजे शिरेत नळी घालून रंगद्रव्य सोडणे. ती बहुधा उपचाराच्या वेळीच केली जाते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांच्या ओटीपोटातही रुंद शिरा आढळतात. केवळ चित्रात शीर फुगलेली दिसली म्हणून दुखण्याचे कारण तेच, असे ठरत नाही. चित्र आणि स्त्रीने सांगितलेली लक्षणे यांचा मेळ बसला पाहिजे आणि इतर कारणे आधी वगळली पाहिजेत. हा गोंधळ टाळण्यासाठी २०२१ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात लक्षणे कोणती, शिरा कोठे फुगल्या आहेत आणि मूळ दोष कोणता, या तीन गोष्टींची स्वतंत्र नोंद केली जाते.

सुईवाटेचा उपचार

प्रथम औषधे दिली जातात. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांनी अनेक स्त्रियांना आराम पडतो, परंतु औषध थांबवल्यावर दुखणे परतते आणि ती दीर्घकाळ घेण्यास मर्यादा असतात. पूर्वी पोट उघडून शीर बांधणे किंवा गर्भाशय व अंडाशय काढणे हेच पुढचे मार्ग होते.

१९५३ साली स्वीडनचे सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवून रक्तवाहिनीत शिरण्याची साधी युक्ती शोधली. तिच्यातून इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी ही शाखा उभी राहिली. ओटीपोटातील शिरांवर या पद्धतीने केलेल्या उपचाराची पहिली नोंद ब्रिटनमधील डॉक्टरांनी १९९३ साली प्रसिद्ध केली.

उपचाराची पद्धत पुढीलप्रमाणे असते. मानेतील, जांघेतील किंवा दंडातील शिरेजवळची जागा बधिर करतात. झोप येईल इतपत औषध देतात, पूर्ण भूल सहसा लागत नाही. सुईच्या छिद्रातून बारीक नळी म्हणजे कॅथेटर आत सरकवून क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती अंडाशयाच्या शिरेपर्यंत नेतात. रंगद्रव्य सोडून उलटा प्रवाह निश्चित करतात. नंतर त्या शिरेत प्लॅटिनम अथवा अन्य धातूच्या बारीक स्प्रिंगसारख्या कॉइल किंवा धातूची बुचे बसवतात. लहान फांद्यांसाठी शिरेची भिंत चिकटवणारे औषध फेस करून सोडतात. कॉइलभोवती रक्त गोठते आणि ती शीर कायमची बंद होते. या प्रक्रियेस एम्बोलायझेशन म्हणतात. ती साधारणतः एक ते दोन तासांत आटोपते, टाके घालावे लागत नाहीत आणि बहुतेक स्त्रिया त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

शीर बंद केल्यास अंडाशयाचे काय होईल, असा प्रश्न साहजिक आहे. ओटीपोटातील शिरांचे जाळे दाट असते. बिघडलेली वाट बंद झाल्यावर रक्त निरोगी वाटांनी परत जाते. अंडाशयाला रक्त आणणाऱ्या रोहिणीला हात लावलेला नसतो, त्यामुळे अंडाशय व पाळी यांचे कार्य सामान्यतः चालू राहते. पुढे गर्भधारणा झाल्याच्या नोंदीही आहेत.

परिणाम आणि मर्यादा

अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार घेतलेल्या १२७ स्त्रियांचा सरासरी पावणेचार वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यांपैकी ८३ टक्के स्त्रियांच्या दुखण्यात सुधारणा झाली, १३ टक्क्यांत विशेष फरक पडला नाही आणि ४ टक्क्यांचे दुखणे वाढले. दक्षिण कोरियातील २००३ सालच्या अभ्यासात औषधांनी बरे न वाटलेल्या १०६ स्त्रियांची तीन गटांत विभागणी करण्यात आली. गर्भाशय व अंडाशय काढलेल्या दोन्ही गटांपेक्षा एम्बोलायझेशन केलेल्या गटाला अधिक आराम पडला. स्पेनमधील १०० स्त्रियांवरील २०१८ सालच्या अभ्यासात कॉइल आणि बुचे यांची तुलना झाली. एका वर्षानंतर दोन्ही गटांत यशाचे प्रमाण सुमारे ९० टक्के होते.

हे आकडे आशादायक असले तरी बहुतेक अभ्यास लहान आहेत आणि उपचार न घेतलेल्या गटाशी तुलना करणारे फार थोडे आहेत. दुखण्यासारख्या अनुभवात केवळ उपचार झाल्याच्या समाधानानेही काही काळ बरे वाटू शकते. म्हणूनच अमेरिकेतील रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संघटनांनी २०११ साली हा उपचार सुचवला, पण ठामपणे शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचेही नमूद केले.

धोके कमी असले तरी शून्य नाहीत. उपचारानंतर काही दिवस ओटीपोटात दुखणे व बारीक ताप हे सामान्य आहे. सुईच्या जागी रक्त साकळू शकते, रंगद्रव्याची ॲलर्जी होऊ शकते आणि क्वचित एखादी कॉइल सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. क्ष-किरण वापरले जात असल्याने गरोदर स्त्रीवर हा उपचार करत नाहीत. निकेलची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते आधी सांगणे आवश्यक आहे.

सर्वांत मोठी चूक निदानाची असू शकते. मूत्रपिंडाची शीर वर दाबली गेली असेल, तर अंडाशयाची फुगलेली शीर ही त्या रक्ताची पर्यायी वाट असते. वरचा अडथळा तसाच ठेवून ती वाट बंद केल्यास मूत्रपिंडातील दाब वाढू शकतो. पायाकडून येणारी मोठी शीर दाबलेली असेल, तर तेथे जाळीदार नळी म्हणजे स्टेंट बसवण्याचा विचार आधी करावा लागतो. यास्तव स्त्रीरोगतज्ज्ञ आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट या दोघांनी मिळून निर्णय घेणे इष्ट होय.

'पिशवी काढणे' हा पहिला उपाय नव्हे

या विषयाला आपल्या परिसरात विशेष महत्त्व आहे. कंबर व ओटीपोट दुखते म्हणून 'पिशवी काढून टाका' हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो आणि सहज मानला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे. आंध्र प्रदेश व तेलंगणात हे प्रमाण देशाच्या सरासरीहून कितीतरी अधिक आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमधील अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला आणि महाराष्ट्र शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तीन महिन्यांत त्यांची अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला.

या सर्व स्त्रियांना शिरांचा विकार होता, असा याचा अर्थ नाही. कर्करोग, अनावर रक्तस्राव अशा कारणांसाठी गर्भाशय काढणे जीवरक्षकही ठरते. प्रश्न एवढाच आहे की, दुखण्याचे कारण न शोधता अवयव काढल्यास दुखणे राहू शकते आणि अवयव परत येत नाही. तिशी-पस्तिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयही गेले, तर अकाली पाळी बंद होणे, हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा धोका वाढणे हे परिणाम स्त्रीला पुढे अनेक वर्षे सोसावे लागतात.

वेदनेची भाषा आणि शिक्षकांचे कार्य

या विकारात यंत्रापेक्षा आधी शब्द उपयोगी पडतात. मराठीत दुखण्यासाठी कळ, चमक, ठणका, मुरडा, आग, जडपणा असे वेगवेगळे शब्द आहेत. उर्दूतही टीस, मरोड, जलन, बोझ यांच्या छटा भिन्न आहेत. मुरडा आतड्याकडे आणि लघवीची आग मूत्रमार्गाकडे बोट दाखवते, तर संध्याकाळी भरून येणारा जडपणा किंवा बोझ शिरांकडे. सीमाभागात वा हैदराबादेत घरी एक भाषा बोलणारी स्त्री दवाखान्यात कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजीशी गाठ पडल्यावर फक्त 'पोट दुखते' एवढेच सांगते. अनेकदा तिच्या वतीने पती किंवा सासू बोलते, आणि संबंधांनंतरच्या दुखण्याचा उल्लेख तर त्यांच्यासमोर होणे शक्यच नसते. निदानाला लागणारा नेमका धागा अशा वेळी दवाखान्याच्या दाराबाहेरच राहतो.

महाविद्यालयातील शिक्षकांना येथे करण्याजोगे बरेच आहे. मुलींच्या आरोग्यविषयक कार्यक्रमांत आणि पालकसभांत स्त्री-डॉक्टरांचे व्याख्यान ठेवून हा विषय मोकळेपणाने मांडता येतो. दुखणे केव्हा सुरू होते, उभे राहिल्यावर वाढते का, आडवे झाल्यावर कमी होते का, पाळीशी त्याचा संबंध काय, याची दोन-तीन महिने तारखेनिशी नोंद ठेवण्याची सवय विद्यार्थिनींना आणि त्यांच्यामार्फत त्यांच्या मातांना लावता येते. ही नोंद वही डॉक्टरांपुढे ठेवली की बोलण्याचा संकोच अर्धा कमी होतो. तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा नात्यातील स्त्री हजर असावी, अशी मागणी करता येते. जांघेऐवजी मानेतून किंवा दंडातून उपचार शक्य आहे का, हेही विचारता येते. पर्द्याच्या कारणास्तव उपचार टाळण्याची वेळ त्यामुळे येत नाही. वर्गात तासन् तास उभ्या राहणाऱ्या शिक्षिकांनाही ही माहिती स्वतःसाठी उपयोगी आहे.

समारोप

ओटीपोटातील शिरांचा विकार हे प्रत्येक जुनाट दुखण्याचे उत्तर नाही आणि सुईवाटेचा उपचार हा सर्वांसाठी नाही. इतर कारणे वगळल्यावर, लक्षणे व चित्र जुळल्यावर आणि औषधांचा उपयोग न झाल्यास तो विचारात घेण्याजोगा आहे. हा उपचार मोठ्या शहरांतील सुसज्ज रुग्णालयांतच मिळतो, म्हणून लहान गावातील स्त्रीला तेथपर्यंत पोहोचण्याआधी योग्य सल्ला मिळणे अधिक गरजेचे ठरते. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळालेल्या स्त्रीने "दुखण्याचे कारण कोणते सापडले?" आणि "शिरांची डॉपलर तपासणी झाली आहे का?" हे दोन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावेत आणि समाधान न झाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.